टिमच्या कुबडीचा आवाज: ठाण्यात नाताळची श्रुतिका रंगमंचावर उभी करायची तर

लाकडी पाटावर बांबूची काठी टेकवली की एक कोरडा आवाज येतो. आमचा सगळा प्रयोग त्या आवाजावर उभा राहिला. काठीच्या टोकाचं रबर आम्ही काढून टाकलं होतं. एक जोरकस टोला, लगेच एक हलका, मग छोटा थांबा. गोष्टीतला अधू मुलगा टिम कुबडीवर चालतोय, असं प्रेक्षकांना कोणी सांगितलं नव्हतं. तरी तो आवाज तिसऱ्यांदा आला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "आलं बघ पोर." खरं तर त्या वेळी टिमचं काम करणारा मुलगा विंगेत पाणी पीत होता. मंचावर माइकसमोर कागद घेऊन उभी असलेली चार माणसं होती, आणि बाजूच्या टेबलाशी काठी धरून बसलेली आमची एक मैत्रीण.

श्रुतिकेची, म्हणजे फक्त ऐकण्यासाठीच्या नाटकाची, ताकद ही अशी आहे. नेपथ्य लागत नाही, वेशभूषा लागत नाही, पाठांतर लागत नाही, त्यामुळे मदतनिधीसाठी हा प्रकार फार सोयीचा. पण कानासाठी लिहायचं आणि कानासाठीच बसवायचं, हे भान पहिल्या वाचनापासून ठेवावं लागतं. घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमधला आमचा हौशी गट हे करत आला आहे. जे हाताशी आलं ते इथे सविस्तर लिहितो आहे.

गोष्ट कोणती आणि का

आम्ही निवडली चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल'. लंडनचा कंजूष सावकार एबेनेझर स्क्रूज, सात वर्षांपूर्वी वारलेला आणि आता भूत होऊन येणारा त्याचा भागीदार जेकब मार्ली, आठवड्याला पंधरा शिलिंगांवर राबणारा कारकून बॉब क्रॅचिट, त्याचा अधू मुलगा टिम आणि स्क्रूजला भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य दाखवायला एका रात्रीत येणारे तीन आत्मे. पुस्तक १९ डिसेंबर १८४३ रोजी आलं. त्याच वर्षी डिकन्स लंडनमधल्या अत्यंत गरीब मुलांची एक शाळा पाहून आले होते, आणि खाणी-कारखान्यांत राबणाऱ्या मुलांवरच्या सरकारी अहवालाने ते हादरले होते. हे त्यांनी स्वतःही भोगलं होतं. ते बारा वर्षांचे असताना त्यांचे वडील कर्जापायी तुरुंगात गेले आणि पोराला बूटपॉलिशच्या कारखान्यात कामाला जावं लागलं.

ही गोष्ट मदतीच्या प्रयोगाला शोभते त्याला आणखी एक कारण आहे. डिकन्सनी तिचं पहिलं जाहीर वाचन केलं तेच मुळी मदतनिधीसाठी. २७ डिसेंबर १८५३, बर्मिंगहॅमचा टाउन हॉल, आणि पैसे तिथे उभ्या राहणाऱ्या एका नव्या शिक्षणसंस्थेला. ३० तारखेला त्यांनी आग्रहाने कामगारांसाठी वेगळं, स्वस्त दरातलं वाचन ठेवलं. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून पहिली आगगाडी आपल्या ठाण्यात आली होती. आमचा निवेदक हे सुरुवातीला दोन वाक्यांत सांगतो आणि प्रेक्षक सावरून बसतात.

हक्कांचं सोपं आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो आणि डिकन्स १८७० मध्ये गेले. मात्र कोणाचा तयार मराठी अनुवाद उचलाल तर त्या अनुवादकाचा हक्क वेगळा. सिनेमातले संवाद, परदेशी श्रुतिकेची तयार संहिता, तिथेही तेच. मूळ इंग्रजी पुस्तकावरून स्वतः लिहून काढणं सर्वांत निर्धोक, आणि त्यातच खरी मजा आहे.

संहिता: दसऱ्याला सुरू करा

मूळ पुस्तक अठ्ठावीस हजार शब्दांच्या आसपास आहे. आमच्या तालमींत मराठीचा वेग मिनिटाला साधारण एकशेदहा शब्द पडतो. आवाज, संगीत आणि शांतता धरून सत्तर मिनिटांचा प्रयोग करायचा तर सहा हजार शब्दांच्या वर जाऊ नका. म्हणजे पाचांतले चार शब्द कात्रीखाली. हळहळू नका. डिकन्सचं पहिलं वाचन तीन तासांच्या घरात गेलं होतं, आणि पुढे त्यांनी स्वतःच आपल्या प्रतीवर वर्षानुवर्षं कात्री चालवली.

खाणकामगार, दीपगृह आणि जहाजावरचे प्रसंग आम्ही पूर्ण गाळले. स्क्रूजच्या तरुणपणीचा मालक फेझिविग, त्याच्या घरचा नाच ठेवला, कारण तिथे संगीताला मोकळं रान मिळतं. मेलेल्या माणसाच्या पलंगाचे पडदे ओरबाडून विकायला आणणारी बाई ठेवली. ती बोचकं सोडते तेव्हा पडद्याच्या कड्या वाजतात आणि अंगावर काटा येतो. त्या कड्या म्हणजे आमच्याकडे दोऱ्यात ओवलेल्या धातूच्या बांगड्या.

गोष्ट ठाण्यात आणावी का, यावर आमच्यात दोन संध्याकाळी वाद झाला. स्क्रूज नौपाड्यातला सावकार, बॉब कळव्याहून येणारा कारकून, असं एकाने लिहूनही आणलं होतं. ऐकायला गंमत वाटली, पण गोष्ट पातळ झाली. धुकं, गोठलेली शाई, शेगडीतला एकुलता एक कोळसा, हे सगळं लंडनचंच आहे. माणसं, गावं, नाणी तिथलीच ठेवा आणि भाषा मात्र घरची बोला. मराठीत नाती आपसूक काम करतात. फ्रेड हा स्क्रूजच्या बहिणीचा मुलगा. इंग्रजीत तो नुसता 'अंकल' म्हणतो, आपल्याकडे "नाताळच्या शुभेच्छा, मामा!" म्हटलं की नातं, हक्क आणि स्क्रूजची मेलेली बहीण, सगळं एका शब्दात येतं. धाकटी फॅन त्याला शाळेतून न्यायला येते तेव्हा म्हणते, "दादा, घरी चल." त्यावर पुढचा अर्धा मिनिट काही लिहायची गरज पडली नाही. बॉब स्क्रूजला 'साहेब' म्हणतो, स्क्रूज त्याला 'क्रॅचिट' आणि 'तू'. बॉबची बायको विचारते, "अहो, टिम कसा वागला चर्चमध्ये?" आणि तो सांगतो, "सोन्यासारखा."

स्क्रूजच्या तोंडचं ते प्रसिद्ध 'हम्बग' मराठीत काय करायचं? 'भंपकपणा' लांब पडतो, 'फालतूपणा' हलका. 'थोतांड' बसला. दातांवर आपटतो, रागाने म्हणता येतो आणि भीती लपवायलाही. टिमचं शेवटचं वाक्य आम्ही ठेवलं, "देव आपलं सगळ्यांचं भलं करो. अगदी सगळ्यांचं." त्या 'अगदी'ला हात लावू नका.

निवेदकावर लगाम ठेवा. 'स्क्रूजने दार उघडले व तो आत आला' हे वाक्य कडी, बिजागरी आणि चार पावलं सांगतात. संहितेत आवाजांना क्रमांक द्या, म्हणजे तालमीत 'ते दारवालं' असं शोधत बसावं लागत नाही. आमच्या प्रतीतला एक तुकडा:

*ध्वनी १४: घरातल्या घंटा, एक-एक करत सगळ्या. एकदम बंद.*
*ध्वनी १५: तळघराचं दार. धाडकन.*
*ध्वनी १६: साखळी, लांबून. पायरी, साखळी. पायरी, साखळी.*
*स्क्रूज: थोतांड! मी नाही विश्वास ठेवणार.*
*ध्वनी १६ थांबतो. मनात चार मोजा.*
*मार्ली, माइक दोन, तोंड तिरकं: एबेनेझर.*

'मनात चार मोजा' हेही लिहावं लागतं. हौशी नटाला शांततेची भीती वाटते आणि तो दोनवरच बोलायला लागतो.

तिसरा आत्मा ही श्रुतिकेची खरी परीक्षा. पुस्तकात तो एक शब्दही बोलत नाही, नुसता बोट दाखवतो. कानाला बोट कसं दिसणार? आम्ही तबल्याचा डग्गा घेतला. तळहात दाबून पुढे सरकवला की खोल घुमत जाणारा सूर येतो. स्क्रूज प्रश्न विचारतो, उत्तर म्हणून तो एकच घुमारा. शेवटी स्मशानात तो विचारतो, "हे बदलता येईल ना?" तेव्हा डग्गाही वाजत नाही.

आवाज माणसांचे

आठ जण पुरतात. स्क्रूज आणि निवेदक दुसरं काही करत नाहीत, बाकीचे प्रत्येकी तीन-चार भूमिका घेतात. निवड डोळे मिटून करा, अगदी शब्दशः. सगळ्यांना पाठमोरं उभं करून वाचायला लावा. दोन आवाजांचा पोत सारखा असेल तर त्यांना एका प्रसंगात टाकू नका. फ्रेड आणि बॉब ही चूक सर्रास होते. दोघेही भले, दोघेही तरुण, आणि प्रेक्षकांना कोण बोलतंय ते कळत नाही. पहिल्या आत्म्यासाठी बाईचा मृदू आवाज घ्या, पुस्तकात तो मूलही वाटतो आणि म्हाताराही. दुसऱ्यासाठी भजनी मंडळातला एखादा दणदणीत गळा शोधा.

परदेशी पात्र आहे म्हणून जिभेला वळसे देऊन 'साहेबी' मराठी बोलू नका. दोन मिनिटांत कान विटतो.

टिमला खरं मूल हवं, आठ-नऊ वर्षांचं. त्याची वाक्यं मोजकी आहेत. त्याला माइकच्या उंचीवर आणायला मजबूत लाकडी खोका द्या आणि तो करकरत नाही ना हे आधीच तपासा.

आवाज वस्तूंचे

हे टेबल पडद्यामागे लपवू नका. मंचाच्या एका कडेला, प्रेक्षकांना हात दिसतील असं ठेवा. कान लंडनमध्ये आणि डोळे करवंटीवर, हा दुहेरी आनंद घ्यायलाच लोक घरचा रेडिओ सोडून हॉलमध्ये येतात.

आमच्या टेबलावरचं जवळजवळ सगळं जांभळी नाक्याच्या बाजारात आणि लोकांच्या माळ्यावर सापडलं. मार्लीसाठी गेटला लावतात ती जाड साखळी, तिला जुन्या किल्ल्या, दोन कुलुपं आणि पत्र्याचा छोटा गल्ला बांधला. पुस्तकात त्याची साखळी याच वस्तूंची आहे, म्हणजे गल्ल्याच्या पेट्या, किल्ल्या, कुलुपं आणि हिशोबाच्या वह्या. ती पत्र्यावर ओढली तर भंगारवाल्याची गाडी वाटते. गोणपाटावर ओढा, आवाज जड होतो. बर्फातल्या पावलांसाठी कापडी पिशवीत अर्धा किलो कॉर्नफ्लोअर भरा, तोंड घट्ट शिवा आणि माइकजवळ मुठीने दाबा. करकर असा दबका आवाज येतो. आमच्यापैकी कोणी बर्फातून चाललेलं नव्हतं, पण प्रेक्षकांत सिमल्याला जाऊन आलेले होते आणि ते माना डोलवत होते. घोडागाडीला नारळाच्या करवंट्या, शेकोटीला कुरकुरीत सेलोफेन कागद. बॉबच्या लेखणीसाठी खरा बोरू आणि खरखरीत कागद, माइकपासून चार बोटांवर. वाऱ्यासाठी लाकडी पट्ट्यांचं फिरतं पिंप आणि त्यावर ताणलेलं कॅनव्हास. हे सुताराकडून करून घ्यावं लागतं. दांडा हळू फिरवला की सुसाट्याआधीची चाहूल, जोरात फिरवला की वादळ. खर्च याच एका गोष्टीवर करा.

कोळशाबद्दल थोडं थांबून सांगतो. स्क्रूज कोळशाची पेटी स्वतःच्या खोलीत ठेवतो आणि बॉबच्या शेगडीत एकच कोळसा असतो. ठाण्यातल्या डिसेंबरमध्ये पहाटे शाल लागते, फार तर. गोठवणारी थंडी इथल्या माणसाला सांगून कळत नाही. आम्ही कोळशाच्या इस्त्रीवाल्याकडून चार कोळसे मागून आणले, लोखंडी घमेलं घेतलं. पहिल्या प्रसंगात चिमट्याने एकच कोळसा घमेल्यात पडतो. ठण्. रिकाम्या भांड्याचा आवाज. शेवटच्या प्रसंगात सुधारलेला स्क्रूज म्हणतो, "क्रॅचिट, आधी कोळसे आण," आणि सगळे कोळसे एकदम घमेल्यात ओततात. एकदा तर तिथे टाळ्या पडल्या.

घड्याळाच्या टोल्यांसाठी शाळेतला पितळी टोल मिळवा. आम्हाला एका शाळेच्या शिपाईमामांनी तो स्वतः खांद्यावर घालून आणून दिला. लाकडी हातोडीला फडकं गुंडाळा, नाहीतर मधली सुट्टी झाल्यासारखं वाटतं.

आणि कुबडी. ती एकाच माणसाकडे द्या, पहिल्या तालमीपासून शेवटपर्यंत. पाट जमिनीवर, खाली जाजम नको. बॉब टिमला खांद्यावर घेऊन येतो तेव्हा कुबडी वाजत नाही. तो त्याला खाली ठेवतो, मग टक्, टक्. जेवणाच्या वेळी टिम आपल्या बुटक्या स्टुलाकडे जातो, पुन्हा टक्, टक्. असं पाच-सहा वेळा कानात रुजू द्या. चौथ्या भागात भविष्यातलं क्रॅचिटांचं घर येतं. दार उघडतं, बॉबची पावलं येतात, नेहमीपेक्षा संथ. आणि पुढे काही नाही. आमची मैत्रीण काठी उचलते, पाटावर धरते आणि न टेकवता हळूच टेबलावर आडवी ठेवते. निवेदकही गप्प. सहा मोजायचे. पुस्तकात दुसरा आत्मा सांगतो की शेकोटीच्या कोपऱ्यात रिकामं स्टूल आणि मालक नसलेली कुबडी जपून ठेवलेली दिसते. त्याचं कानाला ऐकू येणारं रूप याहून चांगलं मला सुचलेलं नाही.

माइक आणि कागद

पात्रांना तीन माइक हलक्या कमानीत, निवेदकाला एक, टेबलाला दोन: एक वस्तूंच्या उंचीवर, एक खाली पाटाजवळ. स्पीकर माइकच्या पुढे हवेत, मागे असले तर शिट्टी मारतात. आपले साउंडवाले ऑर्केस्ट्रा आणि लग्नांना सरावलेले असतात, न विचारता इको चढवतात. त्यांना संहितेची प्रत द्या, एका तालमीला चहाला बोलवा आणि इको फक्त मार्लीला, हे लिहून द्या. एकदा गोष्टीत शिरले की तेच सर्वांत चोख काम करतात.

मराठीत माइकचे वैरी म्हणजे महाप्राण: भ, फ, ख, ठ. आणि आपली गोष्टच भुताची! 'भूत' म्हणताना माइक फटकारतो. तोंडापासून माइक एक वीत दूर, आणि चेहरा जरा तिरका ठेवून माइकच्या बाजूने बोला. दूर जाणारं पात्र आवाज कमी करत नाही, तेवढ्याच जोराने बोलत दोन पावलं मागे सरतं आणि मान वळवतं. हे शिकायला एक पूर्ण तालीम ठेवा.

कागदांची सळसळ ही हमखास फजिती. जाडसर कागद, एका बाजूला छपाई, अक्षर मोठं, स्टेपल नाही. वाक्य पानाच्या तळाशी तुटू देऊ नका. पान उलटायचं नाही, मागे सरकवायचं. प्लॅस्टिकच्या फोल्डरवर दिवा चमकतो, ते घेऊ नका.

संगीत

रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवलं की परवान्यांचा प्रश्न येतो. जिवंत वाजवा. पेटी, व्हायोलिन, डग्गा पुरे. 'सायलेंट नाइट'ची चाल १८१८ची, ती मोकळी आहे. मराठी ख्रिस्ती काव्याची आपली स्वतःची परंपरा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांच्या अभंगांवर कोणाचा हक्क उरलेला नाही. फक्त चाल कोणाची ते पाहा. ठाण्यात ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाची, कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, मासुंदा तलावाजवळ सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे. चर्चमध्ये गाणाऱ्या मंडळींना विचारायचं तर ऑक्टोबरमध्ये विचारा. डिसेंबरात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. आमच्यासोबत दोन वर्षं चार जण आले, आणि 'नाताळ' हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना आम्हालाच आमची संहिता नव्याने कळली.

हॉल, तारीख, परवानग्या

श्रुतिकेला मोठं नाट्यगृह नको. दीडशे-दोनशे खुर्च्यांचा हॉल उत्तम. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही बोरूची खरखर ऐकू यायला हवी. घाणेकर नाट्यगृहाचं छोटं प्रेक्षागृह, घंटाळीचं सहयोग मंदिर, शाळेचं सभागृह, सोसायटीचा क्लबहाउस हॉल, असे पर्याय बघा. हॉल पाहायला जाल तेव्हा दिवे बंद करून पाच मिनिटं नुसते बसा. एसीची घरघर, पंख्याची करकर, बाहेरचे हॉर्न, वरच्या मजल्यावरचा नृत्याचा क्लास, सगळं तेव्हा कळतं. डिसेंबरचा एक फायदा आहे, ठाण्यात तेव्हा संध्याकाळी पंखे बंद ठेवता येतात. आम्ही चौथ्या भागाच्या आधी ते बंद करतो.

पहिल्या वर्षी आम्ही ही तपासणी सकाळी केली. प्रयोग संध्याकाळचा, आणि लग्नसराई. टिमच्या शांततेचे सहा आकडे मोजताना बाहेरून वरात निघाली, बँजोसकट. स्क्रूजचं काम करणाऱ्या काकांनी वरात जाईपर्यंत मान खाली घालून वाट पाहिली. प्रेक्षकही थांबले. पण तो क्षण गेला तो गेला. तेव्हापासून हॉलच्या आसपास कोणतं मंगल कार्यालय आहे आणि त्या दिवशी तिथे काय आहे, हे विचारल्याशिवाय तारीख पक्की करत नाही.

२४ तारीख टाळा, त्या रात्री चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे नाताळची प्रार्थना, असते. आधीच्या आठवड्यातली शनिवारची संध्याकाळ बरी. रविवार घेतलात तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक पाहा, डोंबिवली-मुलुंडहून येणारे अडकतात.

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, वेळेत पाठवा. 'नुसतं अभिवाचन तर आहे' असं गृहीत धरू नका. पोलिसांची परवानगी काय लागेल ते हॉलच्या व्यवस्थापनाला आणि स्थानिक पोलीस ठाण्यात आधीच विचारा. सोसायटीच्या मोकळ्या आवारात करणार असाल तर लाउडस्पीकरची परवानगी लागते आणि रात्री दहाला आवाज बंद म्हणजे बंद. साडेसातला सुरू करा.

तालमी

दिवाळीनंतर बारा पुरतात. पहिल्या दोन नुसत्या वाचनाच्या, पुढच्या सहा आवाजांसकट. आवाज शेवटी 'लावायचे' असं ठरवलंत तर फसाल, कारण नटाला साखळीच्या पायरीवर श्वास घ्यायचा असतो. एक तालीम पूर्ण अंधारात करा, वाचणाऱ्यांपुरता दिवा. संहिता कधीच न ऐकलेल्या चार माणसांना बोलवा आणि शेवटी विचारा, कुठे कळलं नाही? ते जे सांगतील ते मुकाट्याने दुरुस्त करा. आमच्या एका ऐकणाऱ्या काकांना दृष्टी नव्हती. त्यांनी सांगितलं, "फेझिविगच्या घरात माणसं नाचतायत, पण जमीन कुठे आहे?" आम्ही लाकडी फळीवर पावलं वाजवायला सुरुवात केली. दृष्टिहीन प्रेक्षकांना आवर्जून बोलवा. नाटकाला येऊन शेजाऱ्याला काहीही न विचारता ते घरी जाऊ शकतील असे प्रयोग थोडेच असतात.

रंगीत तालीम त्याच हॉलमध्ये, त्याच साउंडवर आणि घड्याळ लावून.

पैसे

मदत कोणाला, हे संहितेआधी ठरवा. एकच काम, मोजता येईल असं. टिमची गोष्ट करतो आहोत म्हणून आम्ही चालायला आधार लागणाऱ्या मुलांची साधनं निवडली. संस्था नोंदणीकृत हवी, तिच्या कामाला प्रत्यक्ष भेट द्या. त्या मुलांना मंचावर उभं करून ओळख करून देऊ नका. टिमही गोष्टीत कोणापुढे हात पसरत नाही.

पैसे आपल्या गटात फिरवू नका. देणगीचा क्यूआर कोड थेट संस्थेच्या खात्याचा लावा, कोणा सभासदाचा नको. आपल्या नोंदणी नसलेल्या गटाने लोकांकडून निधी गोळा करायचा तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळांना ही वाट माहीत असते, त्यांना विचारा. देणगीवर आयकराची सवलत हवी असणाऱ्याने दोन हजारांवरची रक्कम रोखीत देऊ नये, ती सवलतीत धरत नाहीत. तिकीट हा प्रयोगाचा मोबदला आहे, देणगी वेगळी. दोन्हींच्या पावत्या वेगळ्या ठेवा.

आमचा एक नियम सगळ्यांना पाळायला सांगेन. हॉल, साउंड, छपाई आणि चहाचा खर्च सभासद आणि ओळखीचे दुकानदार यांच्याकडून आधी उभा करायचा. समजा दोनशे खुर्च्या, दोनशे रुपये तिकीट, म्हणजे चाळीस हजार. ते चाळीसच्या चाळीस हजार संस्थेला गेले पाहिजेत. 'खर्च वजा जाता' हे शब्द आले की माणूस पुढच्या वर्षी हात आखडता घेतो, आणि त्याचं चुकत नाही.

मंचावरून मदतीचं आवाहन करू नका. गोष्टीतच दोन सद्गृहस्थ स्क्रूजकडे गरिबांसाठी वर्गणी मागायला येतात आणि तो, गरिबांना ठेवून राबवून घेणाऱ्या कामघरांचं नाव घेत, विचारतो, "तुरुंग बंद पडले का? कामघरं बंद पडली का?" शेवटच्या सकाळी त्याच गृहस्थाला तो रस्त्यात गाठतो आणि कानात रक्कम सांगतो. डिकन्स ती रक्कम वाचकाला सांगतच नाहीत, एवढंच कळतं की त्यात बरीच थकबाकी धरली आहे. स्क्रूज करणारे आमचे काका तिथे माइकपासून दूर जाऊन खरोखर काहीतरी पुटपुटतात, आणि समोरचा म्हणतो, "अहो, हे काय बोलताय तुम्ही!" त्याच कारणाने आम्ही देणगीदारांची नावं आणि आकडे मंचावरून वाचत नाही. दाराशी पेटी असते, दोन माणसं तिथे उभी असतात आणि तीच दोघं रात्री पैसे मोजून सह्या करतात.

आठवड्याच्या आत हिशोब प्रत्येक तिकीटधारकाला पाठवा: किती आले, कधी भरले, संस्थेची पावती. साधनं घेतली गेली की काय घेतलं तेही कळवा, मुलांचे फोटो न टाकता.

टोल दुसऱ्याच दिवशी शाळेत परत करा, पहिल्या तासाआधी. कॉर्नफ्लोअरची पिशवी त्याच रात्री रिकामी करा, मुंग्या लागतात. वाऱ्याच्या पिंपाचं कॅनव्हास सैल करून ठेवा, नाहीतर पावसाळ्यात दमटपणाने ओढ धरतं. कुबडी आमच्या मैत्रिणीच्या घरी असते, दारामागे उभी. रबर आम्ही पुन्हा लावलेलं नाही.